दहावं बोट

मंद्रूपला सिद्धप्पांच्या घरामागं लग्नाचं लॉन आहे. बसून चालवायच्या गवतकापणी मशीनचं पातं साफ करण्याआधी ते इंजिन गार होऊ देतात, प्लगची वायर काढतात आणि किल्ली बायकोकडं, चंद्रव्वाकडं देतात. तिच्या वडलांची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली होती, म्हणून ही शिस्त तिनंच लावलेली. किल्ली ती पदराला बांधते आणि काम झाल्यावर नवऱ्याची बोटं मोजूनच गाठ सोडते. हल्ली तिला माणसं ओळखू येत नाहीत. गाठ मात्र विसरत नाही. आज पेंगुळल्या उन्हात कापल्या गवताचा वास तरंगत होता. सिद्धप्पांनी हिरवे हात पुढं धरले. "मोज की." "वंदु, एरडु, मूरु..." कानडीत गुणगुणत ती मोजत गेली. दहावं बोट धरून थांबली. गाठ सोडत, परक्याला सांगावं तसं म्हणाली, "आमच्या मालकांचीबी दाही शाबूत हायेत. म्याच राखलीत."