गोलकीपरची चिप

रेवा स्टुलावरून कलंडताना अन्वयला स्पष्ट दिसली. त्याने हातही पुढे केला, पण तो पोचेपर्यंत लेक फरशीवर आपटली होती आणि तिच्या हनुवटीतून रक्त येत होतं.

"आइस हॉकीचा गोलकीपर ना तू?" मिथिला नवऱ्यावर ओरडली. "मॅच संपली की चिप बंद करतात म्हणाला होतास!"

"मला तसंच सांगितलं होतं," तो पुटपुटला.

गोल फार कमी होतात म्हणून प्रेक्षक कंटाळले, तेव्हा लीगने प्रत्येक गोलकीपरच्या मानेत ती चिप बसवली. मॅचमध्ये ती त्यांचे हात किंचित मंद करायची, की गोलांचा पाऊस. गोल झाला की चिपला शिव्या घालायची गोलकीपरांची सोयही झाली होती.

रेवाला टाके पडले. दवाखान्यातून अन्वय तडक रिंककडे निघाला. रिक्षात बसल्या बसल्या तो घराची किल्ली उडवून झेलायला बघत होता आणि ती दर वेळी पायाशी पडत होती.

"घारपुरेकाका, ही चिप आत्ताच्या आत्ता बंद करा!" आत शिरताच तो तंत्रज्ञांवर ओरडला. "घरीसुद्धा चालूच राहते. माझी पोर पडली आज!"

घारपुऱ्यांनी स्क्रीनवर त्याचं नाव उघडलं आणि हातातला चहा बाजूला ठेवला.

"बस जरा."

"बसत नाही. बंद करा म्हणतोय ना!"

"ती बंदच आहे रे," घारपुरे हळूच म्हणाले. "या मोसमात एकदाही चालू केली नाही. तुझ्यावर तसेही गोल होतच होते."