बाबांचे आकडे

फोन पुन्हा कोकलला. मुलीने हातातली अर्धवट घडवलेली दातांची कवळी लॅबच्या टेबलावर ठेवली, बोटांचं मेण पुसलं आणि पडद्याकडे पाहिलं. साखर दोनशे नव्वद. बाण अजून वरच जात होता.

आठवडाभर हेच चाललं होतं. दंडावर चिकटवायचा नाण्याएवढा सेन्सर तिनेच बाबांसाठी आणला होता. त्यांची साखर त्यांच्या फोनवर यायची आणि तिथून थेट तिच्या फोनवर. डॉक्टरांनी बजावलं होतं, आकडे सुधारले नाहीत तर इन्सुलिन सुरू करावं लागेल. बाबांना तर सुईचं नुसतं नाव काढलं तरी घाम फुटायचा. त्यात माणूस बेकरीवाला. दिवसभर क्रीममध्ये हात आणि बोट तोंडात जात नसेल? तिचा काडीइतकाही विश्वास नव्हता.

तिने बाबांना फोन लावला. अलीकडे तो आईच उचलायची.

"भट्टीपाशी आहेत गं, हात पिठात आहेत त्यांचे. काय झालं?"

"दोनशे नव्वद झालंय! काय खाल्लं त्यांनी?"

"काही नाही खाल्लं. एका पातेल्यातलं दोघं जेवलो. ते यंत्रच बिघडलंय."

"यंत्र नाही बिघडलं, तू बिघडवलंयस त्यांना. पाठीशी घालणं पुरे झालं आता!"

तिने साहेबांना काहीबाही सांगून अर्धी सुट्टी काढली आणि रागारागात बेकरी गाठली. भरदुपारी आई गल्ल्यावर पेंगत होती. पाण्याची बाटली हातातच होती. मुलीची चाहूल लागताच ती दचकून उठली.

"बारीक झालीस गं, छान दिसतेस," मुलगी जाता जाता म्हणाली आणि तडक आत घुसली.

आत केक एका रांगेत मांडले होते आणि त्यांच्याकडे पाठ करून बाबा डब्यातली काकडी चघळत होते. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. मुलीला क्षणभर हसू आलं असतं, पण हातातला फोन परत ओरडला. तीनशे दहा.

"मला वेड्यात काढू नका, बाबा. मला बघून काकडी काढलीत ना?"

"शपथ घेतो पोरी, साखरेचा कण तोंडात घातलेला नाही."

"मग ही कुठून येते? हवेतून? डोळे जातात याने, पाय कापावे लागतात. सुईला घाबरता, त्याला नाही घाबरत?" बोलता बोलता तिला रडू फुटलं. "मला तुम्ही हवे आहात हो."

बाबांनी मान खाली घातली. तिला रडताना बघणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि कामाचा सूर लावला. सेन्सर सैल झाला असेल तर आत्ताच कळेल, बाही वर करा, म्हणाली.

बाबा जागचे हलेनात. बाटली तोंडाला लावत आई दाराशी येऊन उभी राहिली होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बाही वर केली. डाव्या दंडावर काही नव्हतं. त्यांनी उजवीही वर केली. तिथेही काही नव्हतं.

"काढून फेकलात?" मुलगी किंचाळली. आणि मग तिचं लक्ष फोनकडे गेलं. आकडा नुकताच बदलला होता. तीनशे चौदा. "मग हे आकडे येतायत कुठून?"

"ते लावायलाही सुईच होती गं," बाबा चोरासारखे पुटपुटले. "माझी छातीच झाली नाही. म्हटलं, हिला लावू. हिची साखर चांगलीच असणार. चांगले आकडे बघून डॉक्टर इन्सुलिनचं नाव काढणार नाहीत."

मुलीची नजर फोनवरून आईच्या हातातल्या बाटलीकडे गेली. आईला वाटलं, पोर बापावर चिडली. ती लगबगीने पुढे आली, बाही खांद्यापर्यंत सारली आणि दंडावरचा सेन्सर लेकीपुढे धरत समजुतीच्या सुरात म्हणाली, "त्यांना नको बोलूस. बघ, हे सगळे आकडे खोटेच की नाही? मला कुठे डायबेटिस आहे?"