एमलिनआजोबांच्या मापाची फळी

वेल्समधल्या त्या खेड्यात डॉक्टर हेलेद रोगी तपासायची आणि फावल्या वेळात भुताखेतांच्या गोष्टी गोळा करायची. त्यामुळे सुतार गेथिनने भर दुपारी का बोलावलंय, ते तिला उंबरठ्यावरच कळलं. शवपेटीसाठी तासून ठेवलेली ओकची फळी आपोआप ठकठकत होती. फळी वाजली की गावात मयत ठरलेली.

"सकाळपासून चाललंय," गेथिन म्हणाला. "एमलिनआजोबांच्याच मापाची आहे. आता त्यांना सुया टोचू नका, डॉक्टरीणबाई. सुखानं जाऊ द्या."

"त्यांचा ताप उतरलाय. माझा पेशंट कधी जाणार, ते तुझं लाकूड ठरवणार होय?"

तिने करवत उचलली आणि फळी मधोमध कापली.

"घे. आता झोपव यात आजोबांना."

ठकठक थांबली. हेलेद हसली.

मग अर्ध्या फळीतून ती पुन्हा सुरू झाली. या वेळी हलकी, जरा घाईची.

गेथिनने वितीने तो तुकडा मोजला. "बाई, आता हे लेकराचं माप झालं."

बाहेर शाळा सुटल्याचा गलका उठला.

हेलेदने करवत पुन्हा हातात घेतली.