वाटीतलं पाणी

घरातला पहिलावहिला स्टिरिओ माळ्यावरून खाली उतरला आणि महांतेशचा आनंद पोटात मावेना. मेकॅनिकनं बेल्ट बदलून दिला होता. हिरवे दिवे पेटताच तो पोरासारखा ओरडला, "शिवप्रिया, पळ लवकर! नारळ आण!"

नवं यंत्र घरात आलं की कुंकू लावून नारळ फोडायचा, ही घरची रीत. स्टिरिओ पहिल्यांदा घरी आला तेव्हा लोहाऱ्यातली सगळी गल्ली दारात जमली होती. डाव्या स्पीकरमधून गाणारा आणि उजव्यातून ढोलकी, असली नवलाई कुणी ऐकलीच नव्हती! अव्वानं, म्हणजे महांतेशच्या आईनं, नारळ फोडला होता आणि त्यानं उत्साहाच्या भरात रेकॉर्डिंगचं बटण दाबून ठेवलं होतं. ती कॅसेट अजून होती. अव्वा मात्र, शिवप्रिया महांतेशशी लग्न होऊन या घरात आली त्याच्या कितीतरी आधी गेली होती.

"तुला अव्वाचा आवाज ऐकवतो," म्हणत त्यानं कॅसेट लावली.

शिवप्रियानं उंबऱ्यावर नारळ फोडला आणि पाण्यानं भरलेली वाटी घेऊन ती हसत स्पीकरवर वाकली.

खरखर झाली. कॅसेटमध्येही नारळ फुटला.

"ऐक, ऐक! आता अव्वा बोलती बघ!"

"शिवप्रिया," अव्वा म्हणाली, "वाटी सरळ धर की. पाणी सांडायलंय."

शिवप्रियानं हाताकडं पाहिलं. पाणी खरंच सांडत होतं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"व्हय, अव्वा," कॅसेटमधून शिवप्रियाचा आवाज आला.