हात दाखवून

आप्पा गेल्यावर त्यांची मॉरिस मायनर रोज शाळेत न्यायची म्हणून वैदेहीनं सुधारून घेतली. नवे ब्रेक आले, सीटचे पट्टे आले, लुकलुकणारे इंडिकेटर आले. वळताना दारामागून बाहेर येणारे जुने दिव्याचे हात गॅरेजवाल्या एजाजभाईंनी काढले आणि कागदात गुंडाळून आईच्या मांडीवर ठेवले.

"वायरी तोडल्यात, ताई. आता नुसता पत्रा हाय."

परतताना भवानी पेठेचा कोपरा आला. आईला माहेर दिसावं म्हणून आप्पा इथं नेहमी डावीकडे वळायचे. वैदेही सरळ निघाली.

कागदाच्या आत पिवळा दिवा लागला.

"वळ की," आई शांतपणे म्हणाली. "हात दाखवलाय त्यांनी."

वैदेही वळली. दिवा विझला. गाडी थांबवून तिनं ते पुडकं उचलायला घेतलं.

"ओढू नको," आई म्हणाली. तिची बोटं कागदाच्या आत गेली होती. "हात धरलाय त्यांनी."