पट्ट्यासकट लांबी

शस्त्रपरवान्याच्या टेबलापुढे माणसं दोन होती आणि हात तीन. डावा हात मनगटापासून नसलेला गोदामाचा पहारेकरी, आणि शेजारी त्याची बायको. पलीकडे कारकून. त्याचे दोन्ही हात शाबूत होते आणि दोन्ही कामात होते: एकात मोजपट्टी, दुसऱ्यात परिपत्रक.

टेबलावर पहारेकऱ्याचं रिकामं पिस्तूल. जुनं, लांब नळीचं, जड. त्याच्या मुठीला मागे चामड्याचा पट्टा जोडलेला. तो कोपराखाली आवळला की एका हातातही पिस्तूल डुलत नसे. पट्टा बायकोनं शिवला होता आणि रोज सकाळी बांधायचीही तीच. स्वतःच्या एकुलत्या हाताला स्वतःच बक्कल लावता येत नाही, हे कुणीही करून पाहावं.

कारकुनानं मोजपट्टी लावली. "पट्ट्यासकट बावीस इंच. पिस्तुलाला मर्यादा विसाची. म्हणजे ही बंदूक झाली."

"गेल्या वर्षी पिस्तूल होतं की!"

"गेल्या वर्षी पट्टा मोजत नव्हतो. आता मोजायचा. हे बघा, मुद्दा चार: शस्त्राला बाहेरून आधार देणारी कोणतीही वस्तू शस्त्राचाच भाग समजावी."

"कायदा बदलला?"

"छे, कायदा आहे तिथंच आहे. वरून परिपत्रक आलंय."

"म्हणजे सभागृहात कुणी हातसुद्धा वर केला नाही?"

"परिपत्रकाला लागत नाही, दादा."

"विचारलं असतं तर एक होता माझ्याकडे. विरोधात वर केला असता."

कारकून हसला, आणि हसता हसताच त्यानं पट्टा सोडवला. पहारेकऱ्यांना बंदुकीचा परवाना बंद झाला होता, तोही असल्याच एका परिपत्रकानं. तेव्हा मार्ग एकच: पट्टा जमा करायचा, पिस्तूल घरी न्यायचं. पट्टा पाकिटात गेला, पाकिटावर लाख चढली, पाकीट लोखंडी कपाटात. पावतीवर कारकुनानं लिहिलं, 'शस्त्राचा भाग, नग एक.'

"कुलूप नीट लावा हो भाऊसाहेब," बायको म्हणाली. "सुटून कुणाला लागला म्हणजे!"

"आता शेवटचं," कारकून म्हणाला. "हात सरळ करून भिंतीकडे धरायचं. मी दहा मोजतो. नळी खाली आली तर शिक्का नाही."

शिक्का नसला तर उद्यापासून फाटकावर दुसरा माणूस. गोदामाच्या साहेबांनी कालच तसं बजावलं होतं. तुमच्याबद्दल तक्रार काहीच नाही, असंही वर म्हणाले होते.

पहारेकऱ्यानं हात सरळ केला. कारकून मोजू लागला, जरा भरभरच. चारपर्यंत नळी भिंतीवरच्या घड्याळावर होती. पाचाला ती खालच्या कॅलेंडरवर आली. सहाला ती आणखी उतरली आणि बायकोचा तळवा आपसूक त्याच्या मनगटाखाली गेला, रोज सकाळी बक्कल लावताना जातो तसा. नळी पुन्हा घड्याळावर.

कारकुनानं सात म्हटलं नाही. शाई लावून तयार ठेवलेला शिक्का त्याच्या हातात होता. तो खाली ठेवून त्यानं मोजपट्टी उचलली. आवाज मात्र चढवला नाही.

"वहिनी, हात काढा. नाहीतर तोही मोजावा लागेल."