पाव फेरा

"व्हॉल्व्ह मीच फिरवला होता," मुलगा म्हणाला. चौकशी अधिकाऱ्यांनी अजून 'बसा' म्हटलंही नव्हतं.

आईने कपाळाला हात लावला. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं तिने त्याला जिन्यात चांगलं दोनदा बजावलं होतं. पण मुलगा गेलेला बापाच्या वळणावर. पोटात काही ठेवायचं म्हटलं की दोघांनाही अजीर्ण.

"साहेब, हा कित्येक दिवस धड जेवलेला नाही, झोपलेला नाही," ती घाईघाईने म्हणाली. "काहीही बोलतो. लिहून नका घेऊ."

"मी पेन तरी हातात घेतलंय का, ताई?" अधिकारी म्हणाले. "अरे, आधी बस. मग बोल."

टेबलावर हवेची पिवळी टाकी आडवी ठेवली होती, सील लावलेली. हीच पाठीवर बांधून तिचा नवरा समुद्रात उतरला होता आणि वर आला तो दुसऱ्यांच्या हातांवर. टाकीकडे बघायचंच नाही असं तिने घरून ठरवून आणलं होतं, आणि नजर सारखी तिथेच जात होती. भिंतीलगत, त्या दिवशी बापलेकांना पाण्यात घेऊन गेलेली डायव्हिंगची इन्स्ट्रक्टर बसली होती. चौकशी संपेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही असा हुकूम होता, त्यामुळे हॉस्पिटलनंतर ती आजच दिसत होती. तिचंही तोंड उतरलेलं होतं.

मुलगा बसला आणि सांगू लागला. पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराने जोडीदाराची टाकी तपासायची, ही डायव्हिंग करणाऱ्यांची रीत. बाबांची जोडी त्याच्याशी. टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि मग पाव फेरा मागे घ्यायचा, म्हणजे तो अडकून बसत नाही, हे त्याला बाबांनीच शिकवलेलं.

"आम्ही हसत होतो, साहेब. बाबा माझ्या सुटलेल्या पोटावरून मला चिडवत होते. हसता हसता मी फिरवला. कुठल्या बाजूला, ते आठवत नाही. उलटा फिरवला असेल, तर तो पूर्ण बंद करून पाव फेराच उघडला असणार. तेवढ्यावर होडीत श्वास नीट चालतो. खोल गेलं की हवा पुरत नाही." त्याने टाकीकडे बोट केलं. "बाबा माझ्या हातून गेले."

हे वाक्य आईने घरात इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते भिंतींतून ऐकू यायचं. "वेडा आहेस का," असं ती दर वेळी म्हणायची, आणि पुढचं बोलणं टाळून स्वयंपाकघरात निघून जायची. कारण खरं काय ते तिला तरी कुठे ठाऊक होतं? नवरा तर गेला. आता हा तरी हाती राहतो की नाही, या एकाच धास्तीने तिला पोखरलं होतं. तो बाथरूममध्ये जरा जास्त रेंगाळला तरी ती दाराशी जाऊन उभी राहायची.

अधिकाऱ्यांनी इन्स्ट्रक्टरकडे पाहिलं. "तुमच्या जबाबातलं ते यांना सांगा. आता हरकत नाही."

ती उठून टाकीजवळ आली. "काकांना होडीत घेतल्यावर हा व्हॉल्व्ह मी बंद केला. असं काही घडलं की बंद करताना फेरे मोजायचे, हे आम्हाला शिकवलेलंच असतं. पाव फेराच उघडा असता, तर पाव फेऱ्यात बंद झाला असता." तिने रिकामा हात हवेत फिरवून दाखवला. "पण मी फिरवतेय, फिरवतेय, तो संपेचना. दोन पूर्ण फेरे, आणि वर आणखी थोडा."

"म्हणजे?" आईने विचारलं. तिला कळलं होतं. तरी ते दुसऱ्याच्या तोंडून हवं होतं.

"म्हणजे पोराने अगदी शिकवल्याप्रमाणे केलं होतं," अधिकारी म्हणाले. "टाकीतली हवाही तपासली. भरपूर होती, शुद्ध होती. आणि डॉक्टरांचा अहवाल काल आला. तुमच्या यजमानांचं हृदय बंद पडलं. घरी खुर्चीत बसले असते तरी बंद पडलं असतं, असं डॉक्टर म्हणतात. यात कुणाची चूक नाही, ताई. याची नाही, या बाईंचीही नाही."

आईचा जीव भांड्यात पडला.

मुलगा मात्र अजून घुटमळतच होता. "पण मला आठवत नाही ना, कुठल्या बाजूला..."

"तुला डोक्यावरचा चष्मा आठवत नाही, हे काय आठवणार!" आई कडाडली. "त्यांनी मोजलंय ना? मग झालं तर!"

इन्स्ट्रक्टर हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. अधिकाऱ्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मुलाने तो एका दमात रिकामा केला आणि मग हुंदके देत रडून घेतलं. आई त्याची पाठ चोळत राहिली. किती दिवसांनी त्या पाठीतला ताठा सैल झाला होता.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तो म्हणाला, "आई, भूक लागलीय."

तिला आकाश ठेंगणं झालं. पर्सचा तळ ढवळून तिने बिस्किटांचा चेपलेला पुडा काढला. तो उभ्या उभ्याच खाऊ लागला. शर्टावर चुरा सांडत होता, आणि एरवी ओरडणारी ती नुसती बघत राहिली. मग हळूच मागच्या बाकावर बसली.

"आई? काय झालं? चक्कर येतेय?"

"नाही रे. तू खा," ती म्हणाली. "इतके दिवस तुझ्याच काळजीत गेले. आता मला जरा तुझ्या बाबांसाठी रडू दे."